वर्षभरात १००० किलोमीटर धावणे आणि १५ किलो वजन घटवणे : दोन्ही संकल्प एकत्र कसे बसवावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, उंची १७० सेंटिमीटर, वजन ९२ किलो, काम बैठे. सलग ५ किलोमीटर भराभर चालता येते. मागच्या वर्षी धावायला सुरुवात केली होती, पण तिसऱ्या महिन्यात नडगी दुखू लागली आणि धावणे सुटले. या वर्षी १००० किलोमीटर धावायचे आणि १५ किलो वजन कमी करायचे, असे दोन संकल्प केले आहेत. ते एकत्र पेलतील, की त्यांतला एक सोडावा?

गेली सतरा वर्षे मी नव्याने धावू लागलेल्या प्रौढांना प्रशिक्षण देत आले आहे. त्यांच्यातले निम्म्याहून अधिक जण वजन कमी करण्याच्या हेतूनेच येतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. दोहोंपैकी काहीही सोडण्याची गरज नाही. मात्र दोन्ही आकड्यांचा अर्थ थोडा बदलावा लागेल आणि त्यांची एकमेकांशी बसलेली गाठ सोडवावी लागेल. ‘इतके धावले की तितके वजन उतरेल’ ही ती गाठ. हा हिशेब जुळत नाही असे दिसले की वजन उतरत नाही म्हणून धावणे सुटते, आणि धावणे सुटले म्हणून खाण्यावरचा ताबाही सुटतो, असे मी फार वेळा पाहिले आहे. वजनकाट्याने काहीही दाखवले तरी पूर्ण करता येईल, असेच धावण्याचे उद्दिष्ट असावे.

आधी हा हिशेब करून पाहू, म्हणजे तो का जुळत नाही हे कळेल. धावताना शरीर दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे १ कॅलरी खर्च करते (येथे कॅलरी म्हणजे आहाराच्या तक्त्यातली कॅलरी, शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी). वेग वाढवल्याने किलोमीटरमागचा हा खर्च फारसा बदलत नाही. तेवढेच अंतर लवकर संपते, इतकेच. म्हणजे ९२ किलो वजनाला एका किलोमीटरला साधारण ९२ कॅलरी. वजन उतरत जाईल तसा हा खर्चही उतरेल, म्हणून वर्षाची सरासरी ८५ धरू. १००० किलोमीटरला ८५,००० कॅलरी झाल्या. शरीरातील एक किलो मेद म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, हा रूढ आकडा घेतला तर कागदावर ११ किलो वजन उतरायला हवे.

प्रत्यक्षात तसे होत नाही. पहिले कारण असे, की वाढलेल्या हालचालीची भरपाई शरीर दुसरीकडे काटकसर करून करते. धावून आल्यावर माणूस नकळत जास्त वेळ बसून राहतो, जिना टाळतो, रोजची बारीकसारीक हालचाल कमी होते. शरीराच्या आतल्या काही क्रियांवरचा खर्चही आवरला जातो, असे संशोधक मानतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ही भरपाई सरासरी २८ टक्के आढळली, आणि ज्यांच्या शरीरात मेद अधिक त्यांच्यात ती आणखी जास्त दिसली. २८ टक्के जरी वजा केले तरी ११ चे ८ किलो होतात, आणि तेही वर्षभर खाण्यात एका घासाचीही वाढ झाली नाही असे गृहीत धरून. दुसरे कारण भूक हे आहे. आठवड्याला १५ किलोमीटर धावणाऱ्या तुमच्या वजनाच्या माणसाचा जास्तीचा खर्च दिवसाला सरासरी दोनशे कॅलरींच्याही आत राहतो. ताटातल्या एका जास्तीच्या वाढपाने तो भरून निघतो, आणि ‘आज धावणे झाले आहे’ ही भावना ते वाढप घ्यायला लावते.

या जागी मनगटावरची घड्याळे फार दिशाभूल करतात. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात उपकरणे तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी अचूक मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत त्यांतले सर्वांत चांगले उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. घड्याळाने ४०० कॅलरी दाखवल्या म्हणून ४०० कॅलरी खाण्याची मुभा मिळाली, असे समजू नये. माझ्याकडे येणाऱ्यांना मी तो आकडा पडद्यावरून काढूनच टाकायला सांगते.

मग धावायचे कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. मला धावण्याचे मोल कमी करायचे नाही; ज्या कामाला ते योग्य आहे त्या कामाला ते लावायचे आहे. वजन उतरवण्याचा मोठा भार ताटावरच येतो. धावण्यामुळे मात्र पोटातील अवयवांभोवती साठलेला मेद कमी होतो, काटा फारसा हलला नाही तरीही. रक्तदाब, रक्तातील साखर, झोप आणि मनःस्थिती सुधारते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरलेले वजन उतरलेले ठेवण्यात नियमित हालचालीचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेत १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल यांनी ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’ सुरू केली. किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर टिकवलेल्यांचीच त्यात नोंद होते. त्या नोंदींत वारंवार दिसणारी गोष्ट अशी, की बहुतेकांनी खाणे आणि हालचाल दोन्ही बदलले होते, आणि ते दिवसाला सरासरी तासभर हालचाल करत होते, त्यातही प्रामुख्याने चालणे. तुमच्या या वर्षीच्या १००० किलोमीटरचा खरा उपयोग पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी दिसणार आहे.

आता पायांकडे वळू, कारण मागच्या वर्षी तुमचे घोडे तिथेच अडले होते. १००० भागिले ५२ म्हणजे आठवड्याला १९.२ किलोमीटर. नियमित धावणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु ९२ किलो वजनाच्या नवख्या माणसाने पहिल्याच आठवड्यापासून १९ किलोमीटर धावणे धोक्याचे आहे. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा भार शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असतो. संथ धावण्यात एका किलोमीटरला साधारण १३०० पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पायावर ६५० वेळा सुमारे दोनशे किलो किंवा त्याहून अधिक भार येतो. हृदय आणि फुप्फुसे सहा ते आठ आठवड्यांत लक्षणीय सुधारतात. स्नायूही लवकर साथ देऊ लागतात. स्नायुबंध म्हणजे टेंडन आणि हाडे मात्र सावकाश बदलतात. हाडाच्या एखाद्या भागाची झीज होऊन तो नव्याने बांधला जाण्याचे एक चक्र पूर्ण व्हायला तीन ते चार महिने लागतात. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा धाप लागेनाशी होते आणि ‘आता जमायला लागले’ असे वाटते, तेव्हाच नडगी, टाच किंवा गुडघा तक्रार करू लागतो. दम वाढलेला असतो, हाडे अजून मागे असतात. तुमची नडगी तिसऱ्या महिन्यात दुखली, हा योगायोग नव्हता.

वार्षिक अंतर ५२ समान भागांत वाटण्याचा आणखी एक दोष आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत घातक आहे. जानेवारीत तुम्ही सर्वांत जड आणि सर्वांत नवखे असता, डिसेंबरात सर्वांत हलके आणि सरावलेले. तरीही समान वाटणी दोघांकडून सारखीच वसुली करते. एक आठवडा ताप आला की १९ किलोमीटरची उधारी चढते, दोन आठवड्यांचा प्रवास झाला की आणखी ३८ ची, आणि मोबाइलमधील नोंदवही रोज लाल अक्षरांत सांगत राहते की तुम्ही मागे आहात. मग ती उधारी फेडण्यासाठी एखाद्या रविवारी ५ ऐवजी ११ किलोमीटर धावले जातात. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी नोव्हेंबरअखेर १४० किलोमीटर बाकी असताना ते एका महिन्यात पूर्ण करण्याचा ध्यास घेतला. २३ डिसेंबरला त्यांनी आकडा गाठला आणि पुढचे साडेतीन महिने पायाच्या मधल्या हाडातील सूक्ष्म तडा भरून येण्याची वाट पाहण्यात गेले. त्या काळात आधी उतरवलेल्या सात किलोंपैकी पाच परत आले. मी त्या वेळी त्यांना पुरेसे ठामपणे अडवले नाही याची मला आजही खंत आहे, आणि तेव्हापासून मी वार्षिक आकडा वेगळ्या पद्धतीने बांधते.

वर्षाचे ५२ आठवडे न धरता ४४ धरावेत. १३ आठवड्यांची एक तिमाही, तिच्यातले ११ आठवडे हिशेबाचे आणि २ मोकळे. आजारपण, पाहुणे, कामाची निकड, पावसाळी किंवा अति उष्ण दिवस, हे सारे त्या मोकळ्या आठवड्यांत आधीच मांडून ठेवलेले असते, त्यामुळे ते आले की अपयश वाटत नाही. मोकळे आठवडे उरले तर ते विश्रांतीचे समजून वापरावेत; पुढचे अंतर आधीच उरकून घेण्यासाठी ते नाहीत.

पहिल्या तिमाहीत आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ३० मिनिटे. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, अशी दहा आवर्तने, आणि सुरुवातीला व शेवटी पाच-पाच मिनिटे साधे चालणे. धावण्याचे ते एक मिनिट इतके संथ असावे की पूर्ण वाक्य बोलता यावे. तुटक शब्दच निघत असतील तर वेग कमी करावा. दोन-तीन आठवड्यांनी, पाय कुरकुरत नसतील तर, धावणे आणि चालणे यांचे प्रमाण सावकाश बदलत तिमाहीअखेर दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे इथपर्यंत यावे. आठवड्याला साधारण १० किलोमीटर होतात. दुसऱ्या तिमाहीत ११ पासून १४ पर्यंत चढत जावे, सरासरी १३. तिसऱ्या तिमाहीत १४ वरच थांबावे. चौथ्या तिमाहीत पुन्हा चढत २० पर्यंत जावे, सरासरी १८. बेरीज केली तर अकरा-अकरा आठवड्यांचे ११०, १४३, १५४ आणि १९८, म्हणजे एकूण ६०५ किलोमीटर. तुमच्यासाठी पहिल्या वर्षाचे धावण्याचे प्रामाणिक उद्दिष्ट हे आहे.

आता ‘१०००’ या आकड्यावर तुमचे मन बसलेले आहे, हेही मला समजते. गोल आकड्यात एक ओढ असते आणि ती मोडण्यात शहाणपणा नाही. म्हणून आठवड्यातील आणखी दोन दिवस प्रत्येकी साडेचार किलोमीटर भरभर चालावे आणि ते अंतर त्याच वहीत मांडावे. दर आठवड्याचे ९, ४४ आठवड्यांचे ३९६. दोन्ही मिळून १००१ किलोमीटर होतात. चालण्यात किलोमीटरमागे धावण्याच्या साधारण निम्माच खर्च होतो, पण नडगीवर पडणारा भार त्याहूनही खूप कमी असतो, आणि तुमच्या वजनाला पहिल्या वर्षी हा सौदा फायद्याचाच आहे. चालणे म्हणजे धावण्यातून पळवाट, ही समजूत कृपया मनातून काढून टाकावी.

मात्र वहीत सर्वांत वर किलोमीटर लिहू नयेत. तिथे ‘हजेरी’ लिहावी. वर्षाला १३२ वेळा धावण्यासाठी आणि ८८ वेळा चालण्यासाठी घराबाहेर पडणे, हे तुमच्या हातातले काम आहे. अंतर कधी वाऱ्यावर, कधी झोपेवर, कधी आदल्या दिवशीच्या थकव्यावर अवलंबून असते. वजन तर त्याहून अधिक गोष्टींवर अवलंबून असते. ज्या दिवशी अंगात बळ नाही त्या दिवशी बूट घालून पंधरा मिनिटे चालून आलात तरी हजेरी लागली असे मानावे. वर्षाच्या शेवटी ज्यांची हजेरी ८५ टक्क्यांच्या वर असते, त्यांचे अंतर आपोआप अपेक्षेच्या जवळ आलेले असते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

राहिलेले अंतर फेडायचे नाही, हा या योजनेतील एकमेव नियम मी कठोरपणे पाळायला सांगते. चुकलेला आठवडा माफ. दर आठवड्याचे अंतर १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा जुना संकेत तुम्ही ऐकला असेल. त्याला मिळणारा पुरावा समजतो तितका भक्कम नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३ आठवड्यांचा सावकाश वाढणारा कार्यक्रम आणि ८ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम, दोन्हींत दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सुमारे २० टक्के राहिले. त्याउलट २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासात असे दिसले, की गेल्या ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी १० टक्क्यांहून अधिक अंतर धावले तर दुखापतीचा धोका वाढतो. माझ्या अनुभवाशीही हे जुळते : आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाचा अविचार पायांना जास्त महागात पडतो. तेव्हा लक्ष ठेवायचे ते त्या एका लांब धावेवर. महिन्यात सर्वाधिक ५ किलोमीटर धावले असतील, तर पुढची मर्यादा साडेपाच.

वजनाच्या उद्दिष्टाकडे येऊ. वर्षात १५ किलो म्हणजे आठवड्याला सरासरी ३०० ग्रॅम. हे अशक्य नाही. परंतु धावायला शिकण्याच्या वर्षातच ९२ किलोंतील १६ टक्के घटवण्याचा हट्ट मी धरणार नाही. पाच टक्के, म्हणजे साडेचार किलो उतरल्यावरच रक्तदाब आणि साखरेत फरक दिसू लागतो. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ या मोठ्या चाचणीत सहभागींपुढे ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल, एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. म्हणून या वर्षी ६ ते ८ किलो आणि उरलेले पुढच्या वर्षी, अशी विभागणी मी सुचवते. याला माघार समजू नये. दोन वर्षांत उतरलेले पंधरा किलो हे एका वर्षात उतरून दीड वर्षात परत आलेल्या पंधरा किलोंहून कितीतरी मोलाचे आहेत.

वर दिलेल्या अंतरात पहिली आणि तिसरी तिमाही मी मुद्दाम सपाट ठेवली आहे. खाण्यातील काटछाट त्याच दोन तिमाहींत करायची, दिवसाला साधारण ४०० कॅलरींची. अकरा आठवड्यांत कागदावर ४ किलो, प्रत्यक्षात ३ ते ४. दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत अंतर चढते असते, तेव्हा वजन आहे तिथे टिकवायचे आणि पोटभर, नेटके खायचे. अंतर वाढवणे आणि आहार कमी करणे, हे दोन्ही चढ एकाच वेळी चढू नयेत. हाडांची आणि स्नायुबंधांची बांधणी करायला शरीराला ऊर्जा लागते. ज्या काळात आपण भार वाढवतो आहोत त्याच काळात तिचा पुरवठा तोडला, तर डागडुजी अपुरी राहते. ही विभागणी माझ्या अनुभवातून आलेली आहे, कोणत्याही चाचणीने ठरवलेली नाही. पण दुखापतीमुळे मध्येच थांबणाऱ्यांची संख्या तिच्यामुळे माझ्याकडे स्पष्टपणे कमी झाली.

काटछाट करताना प्रथिने कमी होऊ देऊ नयेत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घेतल्यास वजनाबरोबर स्नायू जाण्याचे प्रमाण आटोक्यात राहते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. धावायच्या दिवशी धावण्याच्या आसपासचे खाणे तोडू नये; कपात दिवसाच्या इतर वेळी करावी. उपाशीपोटी धावल्याने मेद जास्त जळतो ही कल्पना लोकप्रिय आहे, पण दिवसाच्या एकूण हिशेबात वजनाला त्याचा फारसा फायदा होत नाही, आणि नवख्याला चक्कर येण्याचा त्रास मात्र होतो.

वजन रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी करावे, पण पाहायची ती आठवड्याची सरासरी. एका दिवसात एक-दीड किलोचा चढउतार मीठ, पाणी आणि पोटातील अन्न यांनीच होतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत तर वजन तसूभरही न हलण्याची किंवा किलोभर वाढण्याचीही तयारी ठेवावी. नव्या व्यायामाने स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, अधिक साठू लागते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरले जाते. रक्तातील द्रवाचे प्रमाणही वाढते. याच आठवड्यांत कित्येक जण ‘मला व्यायाम मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून थांबतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण काटा जे दाखवत असतो ते पाणी असते. दर पंधरा दिवसांनी कमरेचा घेर मोजून लिहून ठेवला, तर या काळात धीर टिकतो. रोज वजन करण्याने मन खट्टू होत असेल किंवा पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक त्रास झाला असेल, तर काटा बाजूला ठेवून केवळ घेर आणि हजेरी मोजावी.

चालण्याच्या दोन दिवशी वीस मिनिटे ताकदीचा व्यायाम जोडावा. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, एका पायावर उभे राहणे, इतके पहिल्या तिमाहीला पुरे. पुढे हातात वजन घ्यावे. तुमच्या नडगीसाठी पोटरीची ताकद ही सर्वांत मोलाची गुंतवणूक आहे, आणि धावणाऱ्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्षही तिचेच होते.

नडगीबद्दल थोडे अधिक. आतल्या कडेला बोटभर लांबीच्या पट्ट्यात पसरलेले, धावायला सुरुवात करताना जाणवणारे आणि अंग तापल्यावर कमी होणारे दुखणे बहुधा ताणाचे असते. अंतर निम्म्यावर आणून, आवश्यक तर आठवडाभर नुसते चालून ते आटोक्यात येते. परंतु एका बोटाने नेमकी दाखवता येईल अशी दुखरी जागा हाडावर असेल, दुखणे धावताना वाढत जात असेल, किंवा रात्री विश्रांतीतही ठणका लागत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. हाडातील सूक्ष्म तडा सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो ठीक आहे’ एवढ्यावर पुन्हा धावायला लागू नये.

जे कमी खाऊन जास्त धावतात, त्यांच्यासाठी काही खुणा मी नेहमी सांगते : स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, सतत थंडी वाजणे, झोप उडणे, वारंवार सर्दी, चिडचिड, आणि पूर्वी सहज जमणारे अंतर एकाएकी जड जाणे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधील या सापेक्ष ऊर्जा-तुटीकडे, म्हणजे खर्चाच्या मानाने खाणे अपुरे पडण्याकडे, लक्ष वेधले. ती केवळ सडपातळ खेळाडूंना होते असे नाही. जड शरीराच्या माणसानेही आहार फार तोडला तर हाडे आणि संप्रेरके तिची किंमत मोजतात. यांतील दोन खुणा एकत्र दिसल्या तर काटछाट थांबवावी, मग तिमाही कोणतीही असो.

सुरुवातीपूर्वी एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, विशेषतः रक्तदाब वा मधुमेह असल्यास. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर धावताना साखर अचानक खाली जाऊ शकते आणि औषधाची मात्रा बदलावी लागते. छातीत दडपण येणे, घेरी येणे किंवा श्रमाच्या मानाने फार धाप लागणे, यांपैकी काही झाले तर तपासणीशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. शर्यतीचे विचाराल, तर तिसऱ्या तिमाहीत ५ किलोमीटरची आणि वर्षअखेर जमल्यास १० किलोमीटरची. अर्धमॅरेथॉन या वर्षी नको.

तेराव्या आठवड्याच्या शेवटी वही उघडून तीन आकडे पाहावेत. हजेरी ठरलेल्या ५५ पैकी ४५ च्या वर असेल आणि नडगी शांत असेल, तर वजन कितीही उतरलेले असो, दुसऱ्या तिमाहीचे अंतर ठरल्याप्रमाणे सुरू करावे. हजेरी ३५ च्या खाली असेल, तर अंतर न वाढवता पहिलीच तिमाही पुन्हा करावी आणि आठवड्याचे दिवस पाचऐवजी चार करावेत. त्या दोहोंच्या मध्ये असाल, तर आणखी चार आठवडे १० किलोमीटरवरच थांबून मग चढायला लागावे. आणि हजेरी चांगली असूनही आठवड्याच्या सरासरी वजनात दीड किलोचाही फरक पडला नसेल, तर धावणे वाढवू नये. दोन आठवडे खाल्लेले सर्व काही प्रामाणिकपणे लिहून काढावे, कारण त्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर सापडणार नाही, त्या यादीत सापडेल.